जपानी चित्रकथा आणि आपलीं मुलें

लहान मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्या हा प्रश्न आपल्याकडे वरचेवर निघतो, आणि अलीकडे त्याला एक नवें वळण लागलें आहे. पुस्तकांच्या दुकानांतून, टपालानें मागविलेल्या पार्सलांतून आणि हातांतल्या फोनच्या पडद्यावरून देशोदेशींच्या सचित्र कथा आतां आमच्या हिवरा आश्रमासारख्या, बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर तालुक्याच्या एका गांवांतही येऊन पोंचतात. त्यांत जपानी कथांचा वाटा लहान नाहीं. पीचच्या फळांतून जन्मलेला मोमोतारो, जीभ कापलेली चिमणी, वाळलेल्या झाडांना फुलें आणणारा म्हातारा, कासवाच्या पाठीवर बसून समुद्राच्या तळाशीं गेलेला उराशिमा हीं मंडळी कित्येक घरांतील मुलांच्या ओळखीचीं झालीं आहेत. त्याबरोबर एक शंकाही येते. येथील एका सुशिक्षित पालकांनीं ती मला सरळच विचारली: "आपलें पंचतंत्र असतांना ह्या परक्या देशाच्या परक्या गोष्टी मुलांपुढें कशाला?" शंका रास्त आहे, आणि तिला थोड्या इतिहासाचा आधार घेऊन उत्तर द्यावें असें मला वाटतें.

प्रथम हीं पुस्तकें जगापुढें आलीं कशीं तें पाहूं. १८८५ सालीं टोकियो येथील हासेगावा ताकेजिरो ह्या प्रकाशकानें जपानी परीकथांची एक इंग्रजी माला सुरू केली. परदेशी जहाजांना जपाननें आपलीं बंदरें उघडून त्या वेळीं तीसेक वर्षें झालीं होतीं. मालेचें पहिलें पुस्तक मोमोतारोचें. भाषांतर डेव्हिड टॉम्सन नांवाच्या मिशनऱ्याचें, आणि आरंभींच्या पुस्तकांतील चित्रें कोबायाशी एइताकु ह्या चित्रकाराचीं. पुढें बेसिल हॉल चेंबरलेन व लाफ्काडिओ हर्न ह्यांच्यासारखे नामांकित लेखक ह्या मालेसाठीं लिहूं लागले. चित्रें लांकडी ठशांनीं एकेक रंग चढवून छापीत. कांहीं आवृत्त्यांचा कागद तर विलक्षणच असे. छापलेले ताव ओले करून गुंडाळावयाचे, दाबावयाचे, पुन्हां दिशा बदलून दाबावयाचे, असें अनेक वेळां केलें म्हणजे कागद आकसतो, त्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि तो हाताला रेशमी क्रेप कापडासारखा लागतो. असल्या कागदाचें पुस्तक लहान मुलानें चुरगळलें तरी तें फारसें बिघडत नाहीं. ह्या मालेचीं फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश इत्यादि भाषांतही रूपांतरें निघालीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या पुस्तकांमुळें जपानी बालकथा जगभर गेल्या तीं मुख्यतः जपानी मुलांसाठीं नव्हतीं. इंग्रजी वाचणारे परदेशी लोक, जपान पाहून घरीं परतणारे प्रवासी, आणि इंग्रजी शिकणारे विद्यार्थी हें त्यांचें गिऱ्हाईक. जपानी मुलांचीं स्वतःचीं पुस्तकें त्याच्या पुष्कळ आधींचीं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथें 'आकाहोन', म्हणजे लाल पुस्तकें, ह्या नांवाचीं लहानशीं सचित्र पुस्तकें निघत असत. त्यांचीं वेष्टनें तांबडीं असत, आणि आंत पानभर चित्र व चित्राच्याच मोकळ्या जागेंत थोडका मजकूर असे. मोमोतारो, चिमणी, माकड आणि खेंकडा, ह्यांच्या कथा मुलें प्रथम ह्याच पानांतून पाहत. 'वाचत' असें न म्हणतां 'पाहत' असें मीं मुद्दाम म्हटलें आहे. पुढें १८९४ पासून १८९६ पर्यंत इवाया साझानामि ह्यानें ह्या जुन्या कथा नव्या गद्यांत चोवीस भागांत लिहून काढल्या. हा गृहस्थ नुसता लेखक नव्हता. गांवोगांवच्या शाळांत जाऊन मुलांच्या मेळाव्यापुढें उभा राहून तो गोष्टी सांगे. त्याच्याच लेखनाच्या आधारानें येइ थिओडोरा ओझाकी ह्या बाईनें १९०३ सालीं लंडनमध्यें आपला इंग्रजी कथासंग्रह प्रसिद्ध केला, आणि आपल्या देशांतील इंग्रजी शिकलेल्या वाचकांना जपानी कथा ज्या पुस्तकांतून ठाऊक झाल्या त्यांत ह्या संग्रहाची गणना केली पाहिजे. (ह्या बाईचे यजमान टोकियोचे नगराध्यक्ष होते, वॉशिंग्टन शहरास चेरीचीं झाडें १९१२ सालीं भेट गेलीं तीं त्यांच्याच कारकीर्दींत.)

ओझाकीबाईंच्या संग्रहांत जेलीफिश आणि माकड ह्यांची एक कथा आहे, आणि हासेगावाच्या मालेंतही १८८७ सालीं चेंबरलेननें तीच कथा दिली होती. ती थोडक्यांत अशी. समुद्राच्या तळाशीं राहणाऱ्या नागराजाची राणी आजारी पडते. माकडाचें काळीज खाल्ल्याखेरीज तिला बरें वाटणार नाहीं असें वैद्य सांगतो. माकड समुद्रांत कोठून यावें? मग जेलीफिशला पाठविण्यांत येतें. त्या काळीं जेलीफिशला हाडें होतीं, पाठीवर कठीण कवच होतें, आणि पायही होते. तो एका बेटावर जातो, झाडावरच्या माकडाला नागराजाच्या महालाचें वर्णन करून भुलवितो आणि पाठीवर घेऊन निघतो. वाटेंत मात्र त्याला राहवत नाहीं. "तुझें काळीज बरोबर आणलें आहेस ना?" असें तो माकडालाच विचारतो. माकड सावध होतें. "अरेरे, आधीं सांगितलें असतेंस तर! तें मीं झाडाला टांगून ठेवलें आहे," असें म्हणून तें त्याला परत फिरवितें आणि कांठ येतांच झाडावर चढून बसतें. जेलीफिश रिकाम्या हातीं परततो. नागराजा संतापून त्याला इतकें बडविण्याची आज्ञा करतो कीं त्याचीं सारीं हाडें निघून जातात. तेव्हांपासून जेलीफिश हा बिनहाडाचा, लिबलिबीत गोळा झाला.

आतां ही गोष्ट ऐकून पंचतंत्र आठवणार नाहीं असा मराठी वाचक विरळा. पंचतंत्राच्या 'लब्धप्रणाश' नांवाच्या चौथ्या तंत्राची मुख्य कथाच ही आहे: जांभळाच्या झाडावर राहणारा रक्तमुख वानर, त्याच्याशीं मैत्री करणारा करालमुख मगर, आणि ज्या वानरानें इतकीं गोड जांभळें खाल्लीं त्याचें हृदय किती गोड असेल ह्या विचारानें हट्ट धरून बसलेली मगराची बायको. पालि जातकांतही सुंसुमार जातक म्हणून दोनशें आठवें जातक आहे तें हेंच. तेथें वानर आपलें हृदय उंबरावर टांगलेलें आहे असें सांगून सुटतो. म्हणजे ज्या कथेला आमचे पालक परकी म्हणत होते ती त्यांच्याच पंचतंत्रांतली निघाली.

ती तेथवर गेली कशी, ह्याचा माग विद्वानांना चांगला लागला आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत बौद्ध ग्रंथांचीं चिनी भाषांतरें होत होतीं; त्यांत बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या कथा गेल्या आणि ही कथाही गेली. त्या प्रवासांत दोन फरक पडले. मगराच्या जागीं कासव आलें, आणि हृदयाच्या जागीं यकृत आलें. पुढें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या सुमारास जपानांत 'कोन्जाकु मोनोगातारि' नांवाचा प्रचंड कथासंग्रह तयार झाला. त्याच्या एकतीस भागांपैकीं पहिले पांच भाग 'तेन्जिकु' म्हणजे हिंदुस्थान ह्या देशाला दिलेले आहेत, आणि पांचव्या भागांतील पंचविसावी कथा कासवाची आणि माकडाची आहे. तिच्या शेजारचीच चोविसावी कथा म्हणजे पक्ष्यांनीं आकाशांतून उचलून नेलेल्या आणि तोंड उघडल्यामुळें खालीं पडलेल्या कासवाची. आपल्या मुलांना ती कंबुग्रीवाच्या नांवानें ठाऊक आहे. ह्या संग्रहाच्या कर्त्याला ह्या कथा कोठल्या ह्याविषयीं कांहींच संभ्रम नव्हता. तो त्या हिंदुस्थानच्या म्हणूनच सांगतो.

यकृत आणि हृदय ह्या फरकावरून एक गंमत सांगावीशी वाटते. इंग्रजी भाषांतरकाराला येथें अडचण पडते, कारण त्याच्या भाषेंत हे दोन शब्द अगदीं वेगळे असून एकाचा दुसऱ्याच्या जागीं उपयोग होत नाहीं. मराठीला ती अडचण नाहीं. आपल्या 'काळीज' ह्या शब्दांत दोन्ही अवयव सुखानें नांदतात. खाटकाच्या दुकानांत काळीज म्हणजे यकृत, आणि आईचें काळीज तुटतें तेव्हां तें हृदय. संस्कृत कथेंतील हृदय आणि जपानी कथेंतील यकृत हीं मराठींत येतांना पुन्हां एक होतात. जपानी भाषेंतही यकृताला जो 'किमो' हा शब्द आहे त्याचा अर्थ धैर्य असाही होतो. तेव्हां ही गोष्ट मराठींतून मुलांना सांगणारानें 'लिव्हर' म्हणूं नये आणि 'यकृत'ही म्हणूं नये, 'काळीज' म्हणावें.

परंतु एवढ्यावरून "पाहा, सारें आपलेंच आहे" असा जो जयघोष आपल्याकडे लगेच सुरू होतो त्यांत मी सामील होणार नाहीं. मोमोतारो आपला नाहीं. उराशिमाची कथा तर जपानांत आठव्या शतकापासून लिहिलेली सांपडते. भोपळ्यांतून लेकीच्या घराहून परतणारी आपली म्हातारी आणि घरंगळत गेलेल्या लाडवामागें धांवणारी हर्नची जपानी म्हातारी ह्या दोघींत साम्य दिसतें, पण तें दोन घरांतल्या आज्या सारख्या असतात तसलें आहे. तेवढ्यावरून नातें जोडणें बरोबर नाहीं. आणि माकडाची कथा जरी आपल्याकडून गेली असली तरी जपान्यांनीं तिचें जें केलें तें त्यांचें आहे.  बायकोच्या डोहाळ्यासारख्या हट्टाच्या जागीं राजवाडा, वैद्य आणि आजार आणला. आणि कोणाच्याही स्वप्नीं येणार नाहीं असा तो बिनहाडाचा प्राणी त्यांनीं त्यांत घातला.

ह्या बदलाचा परिणाम मीं एकदां प्रत्यक्ष पाहिला आहे. माझ्या पुतण्याच्या पांच वर्षांच्या मुलीला मीं हें पुस्तक दाखवीत होतों. आमचा जिल्हा समुद्रापासून दूर. तिनें समुद्र पाहिलेला नाहीं. माकडें मात्र रोज कौलांवरून जातात. मगरीची गोष्ट तिला आधींपासून येत होती, म्हणून माकड सुटणार ह्याविषयीं तिला काळजी नव्हती. हाडें असलेल्या जेलीफिशच्या चित्रावर तिनें हात ठेवला आणि त्याचे पाय मोजून होईपर्यंत पान उलटूं दिलें नाहीं. शेवटीं मार खाणाऱ्या जेलीफिशचें चित्र आलें तेव्हां ती म्हणाली, "पण ह्यानें तर खरंच सांगितलं होतं." मला उत्तर सुचलें नाहीं, आणि तें नंतर पंचतंत्र उघडून पाहिल्यावर लक्षांत आलें. आपल्या कथेंतला मगर मित्रद्रोही आहे. तो फसला तर वाईट वाटत नाहीं, आणि राजपुत्रांना नीति शिकविण्यासाठीं रचलेल्या ग्रंथाला तेंच हवें होतें. जपानी कथेंतला दूत द्रोही नाहीं, केवळ भोळा आहे. हुकुमाचा ताबेदार असा तो बापडा खरें बोलतो आणि हाडें गमावून बसतो. कथेंतलें तात्पर्य गेलें आणि त्या जागीं करुणा आली. तात्पर्यानें गोष्ट मिटते. मुलीचा प्रश्न अजून मिटलेला नाहीं. दोन्ही कथा एकाच मुलाला सांगाव्या असें मी म्हणतों तें ह्यासाठीं.

कथांच्या ह्या वाटेनें आणखीही पुष्कळ कांहीं गेलें. ज्या गांवीं बसून मी हें लिहीत आहें तें शुकदास महाराजांनीं स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळें महाराष्ट्रांत ओळखलें जातें. विवेकानंदांच्या जन्मोत्सवाला येथें महाप्रसादाच्या प्रचंड पंगती बसतात. ते स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजीं मुंबईहून अमेरिकेस निघाले ते जपानवरून गेले. नागासाकी, कोबे, ओसाका, क्योटो, टोकियो हीं शहरें त्यांनीं पाहिलीं, आणि १० जुलैस योकोहामाहून आपल्या मद्रासच्या शिष्यांना पत्र लिहिलें. तेथील देवळांतून जुन्या बंगाली वळणाच्या अक्षरांत संस्कृत मंत्र लिहिलेले पाहून त्यांना फार नवल वाटलें, आणि आपल्या तरुणांनीं दरवर्षीं जपान पाहून यावें असें त्यांनीं त्या पत्रांत आग्रहानें लिहिलें. ज्या मार्गानें तीं अक्षरें गेलीं त्याच मार्गानें माकडही गेलें होतें.

आतां चित्रांकडे वळूं, कारण आपला मूळ विषय सचित्र कथांचा आहे. आमच्या जिल्ह्यांतून जी अजिंठ्याची डोंगररांग जाते तिच्याच एका खोऱ्यांत, वाघूर नदीच्या वळणावर, अजिंठ्याचीं लेणीं आहेत. सतराव्या लेण्याच्या भिंती जातककथांनीं भरलेल्या आहेत. वाशीमच्या वाकाटक घराण्यांतील राजा हरिषेणाच्या काळचें, म्हणजे पांचव्या शतकांतलें, हें काम. आपल्या देहाचा पूल करून सर्व वानरांना नदीपार नेणारा महाकपि तेथें रंगविलेला आहे. हंस आहे, हरिण आहे, हत्ती आहे. अक्षर न येणाऱ्या माणसालाही ती भिंत वाचतां येते. म्हणजे आपल्याकडे कथा आणि चित्र हीं आरंभीं एकत्रच होतीं, आणि तींही आमच्या वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर.

जपानी लोकांना ह्या भिंतींचें महत्त्व लौकर कळलें. जपानांतील होर्यूजी मंदिराच्या भिंतींवरील चित्रें अजिंठ्याच्या चित्रांशीं इतकीं जुळतात कीं तिकडच्या कलावंतांना अजिंठा हें जणूं आजोळच वाटलें. आराइ काम्पो हा चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ सालीं कलकत्त्यास आला, आणि पुढें सहकाऱ्यांसह अजिंठ्यास राहून त्यानें तेथील चित्रांच्या नकला केल्या. ह्या नकला टोकियोच्या विद्यापीठांत ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपांत लागलेल्या आगींत त्या जळून गेल्या. पुढें आराइ होर्यूजीच्याच भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होता, आणि तें काम चालूं असतांच १९४५ सालीं वारला. जानेवारी १९४९ मध्यें तीं मूळ भित्तिचित्रेंही आगीनें काळवंडलीं.

अजिंठ्याची भिंत हलत नाहीं. तिच्यापाशीं जावें लागतें. चित्र घेऊन लोकांकडे जाणारा मनुष्यही आपल्याकडे होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. हातानें रंगविलेले कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले, असे एका कथेचे सुटे कागद मिळून एक पोथी होते. कथेकरी एकेक कागद पुढें धरतो, आणि वीणा, टाळ व हुडुक ह्यांच्या साथीवर रामायण-महाभारतांतील प्रसंग गाऊन सांगतो. सांवतवाडीकर राजांचा ह्या लोकांना आश्रय असे.

ह्यापुढें जपानांतील 'कामिशिबाइ' ठेवून पाहा. शब्दाचा अर्थ कागदी नाटक. १९३० च्या सुमारास टोकियोच्या गल्ल्यांतून सायकलीवर लांकडी चौकट बांधलेले फेरीवाले दिसूं लागले. दोन लांकडी दांडकीं एकमेकांवर आपटून ते मुलांना हांक देत, त्यांना गोळ्या-मिठाई विकीत, आणि मग चौकटींत घातलेले चित्रांचे सुटे ताव एकामागून एक ओढून काढीत गोष्ट सांगत. सांगावयाचा मजकूर तावाच्या पाठीवर लिहिलेला असे. रंगतीच्या जागीं ताव अर्धाच ओढून थांबावयाचें, हें त्या धंद्यांतलें कसब. महायुद्धानंतर कांहीं वर्षें हा धंदा भरभराटला. १९५३ सालीं टेलिव्हिजन आल्यावर तो हळूहळू रस्त्यावरून गेला, परंतु बालकमंदिरें आणि ग्रंथालयें ह्यांनीं तो उचलला आणि आजही चालविला आहे. चित्र दाखवून कथा सांगण्याची ही रीत हिंदुस्थानांतून निघून चीनपर्यंत कशी गेली ह्यावर व्हिक्टर मेअर ह्या अमेरिकन पंडितानें १९८८ सालीं एक मोठा ग्रंथ लिहिला आहे. पिंगुळीच्या ठाकराचें आणि टोकियोच्या सायकलवाल्याचें थेट नातें लावण्याचें धाडस मी करणार नाहीं. सुटा कागद, मागें उभा राहणारा सांगणारा, आणि पुढचें चित्र केव्हां येतें म्हणून ताटकळलेले डोळे, एवढें दोन्हीकडे सारखें आहे.

फरक पडला तो पुढें. जपानांत ही कला मुलांच्या स्वाधीन झाली. आपल्याकडे ती रात्रीच्या देवळांत राहिली, श्रोते पांगले, आणि जुन्या पोथ्यांचे कागद संग्राहकांनीं विकत नेले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांनीं ती कला धरून ठेवली, गांवांत तिचें संग्रहालय उभारलें, आणि २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान सर्वथा योग्य होता, पण त्यामुळें चित्रकथी मराठी मुलांच्या रोजच्या ओळखीचा झाला असें म्हणतां येत नाहीं.

छापील पुस्तकांची हकीकत ह्याहून निराळी नाहीं. मराठींत मुलांसाठीं छापण्याचा उद्योग फार जुना आहे. तंजावरास सरफोजी राजांनीं १८०६ सालींच इसापच्या गोष्टींची 'बालबोधमुक्तावली' छापविली. विनायक कोंडदेव ओकांचें 'बालबोध' १८८१ सालीं निघालें, वासुदेव गोविंद आपट्यांचें 'आनंद' १९०६ सालीं. ह्या थोर माणसांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांच्या दृष्टीनें मजकूर हा यजमान आणि चित्र हा पाहुणा. मुलाला प्रथम बोध व्हावा, भाषा यावी, माहिती मिळावी, आणि जागा व पैसा उरला तर चित्र, असा तो क्रम होता. ज्याला अजून वाचतां येत नाहीं अशा तीन-चार वर्षांच्या मुलाला हातांत द्यावयाचें पुस्तक म्हणून कांहीं असतें, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा रुजली. १९५२ सालीं मद्रासहून 'चांदोबा' मराठींत येऊं लागला तेव्हां घराघरांतील मुलांनीं त्याच्यावर झडप घातली ती निम्मी चित्रांसाठीं. अलीकडे माधुरी पुरंदरे ह्यांच्यासारख्या लेखिका स्वतःच लिहून स्वतःच चित्रें काढतात, तेव्हां कोठें शब्द आणि चित्र एका पाटावर बसूं लागले आहेत. जपानी पुस्तकें आपल्या मुलांना इतकीं कां आवडतात ह्याचें कारण मला येथें दिसतें. कथा परकी असल्याचें त्यांना जाणवत नाहीं. पानभर चित्र मात्र त्यांना हवें असतें, आणि तें देण्यांत आपण कसूर केली.

जपानी आहे म्हणून सारेंच डोळे मिटून घ्यावें असें मात्र नाहीं. चित्रकथेची शक्ति ज्यांनीं ओळखली त्यांनीं तिचा दुरुपयोगही केला. मोमोतारो हा पीचमधून जन्मलेला शूर मुलगा; कुत्रा, माकड आणि पक्षी ह्यांना एकेक लाडू देऊन तो बरोबर घेतो आणि राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. साधी बालकथा. महायुद्धाच्या काळीं हाच मोमोतारो सेनापति झाला. १९४३ च्या व्यंगपटांत त्याच्या प्राण्यांनीं पर्ल हार्बरसारख्या बंदरावर हल्ला केला. १९४५ च्या दुसऱ्या पटांत दक्षिणेकडील बेटांवरचे प्राणी त्याच्या सैनिकांकडून जपानी बाराखडी गिरवितांना दाखविले आहेत. राक्षस कोण हें आतां ज्याच्या हातीं कुंचला तो ठरवीत होता. ह्याच्या पुष्कळ आधीं, १९२४ सालीं, आकुतागावा ह्या थोर लेखकानें मोमोतारोची कथा उलटी करून लिहिली होती: तींत राक्षस बेटावर सुखानें राहत असतात आणि मोमोतारो हा विनाकारण चालून आलेला लुटारू असतो. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला म्हणजे, राक्षसांनीं नेमकें काय वाईट केलें होतें, एवढा एक प्रश्न मोमोतारो वाचतांना त्याला विचारावा. आपल्याही कांहीं वीरकथांना तो विचारून पाहण्यास हरकत नाहीं.

दुसरी अडचण क्रौर्याची. 'काचिकाचि यामा' ह्या कथेंत तानुकि नांवाचा लबाड प्राणी म्हातारीला मारतो, आणि तिच्याच मांसाचें कालवण तिच्या नवऱ्याला वाढतो. हल्लींच्या पुस्तकांत म्हातारीला नुसती इजा होते असें लिहितात. मला ही डागडुजी पसंत नाहीं. त्यानें पुढच्या भयंकर सूडाला कारणच उरत नाहीं, आणि मुलाला तो पोकळपणा जाणवतो. कथा सहा वर्षांच्या आंत सांगूंच नये. पुढें सांगावयाची तर आहे तशी सांगावी. बाकी क्रौर्य कशाला म्हणावें हें बरेंचसें संवयीवर असतें. काऊ-चिऊच्या गोष्टींत तव्यावर चटका बसलेल्या कावळ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या हंसत आलों आहों, आणि जीभ कापलेली चिमणी पाहून आपल्याच घरांतलें माणूस पुस्तक मिटतें.

सुरुवात कोठून करावी असें कोणी विचारलें तर मी सशापासून करा म्हणेन, कारण त्याला पुस्तकही लागत नाहीं. तीनशें सोळावें जातक सशाचें आहे. याचकाला देण्यास आपल्याजवळ गवताशिवाय कांहीं नाहीं म्हणून ससा स्वतःच अग्नींत उडी घेतो. याचक असतो शक्र. अग्नि सशाला जाळीत नाहीं. आणि ह्या त्यागाची आठवण राहावी म्हणून शक्र पर्वत पिळून त्याच्या रसानें चंद्रावर सशाचें चित्र काढतो. 'कोन्जाकु'च्या पांचव्या भागांत तेरावी कथा हीच आहे. चंद्राला शशी आणि शशांक म्हणणाऱ्या आपल्या भाषेंत तो ससा अजून आहे, पण त्याची गोष्ट बहुतेक घरांतून नाहींशी झाली. जपानांत शरद ऋतूंतल्या पौर्णिमेला चंद्रासमोर तांदळाचे गोळे मांडून लोक चंद्र पाहत बसतात, आणि तेथील मुलांना चंद्रावरचा ससा उखळांत भात कांडतांना दिसतो. चीनमध्यें तोच ससा औषध कुटतो. आपल्याकडे कोजागिरीला दूध आटेपर्यंत मुलें जागींच असतात. त्या वेळीं त्यांना गच्चीवर नेऊन ससा दाखवावा, जातकांतली गोष्ट सांगावी, आणि मग जपानी चित्र पुढें ठेवावें. आपल्या सशाच्या हातीं मुसळ नाहीं, औषध नाहीं. तो तेथें बसून काय करतो, ह्यावर आमच्या गच्चीवर मागल्या कोजागिरीला चार मुलांचीं चार मतें पडलीं होतीं.